प्राणिगृहातील पाणीव्यवस्था : निगा व दक्षता

औषधे व लसी यांच्या चाचणीसाठी प्रयोगशाळांतून, औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतून आणि क्वचित सापांचे खाद्य म्हणूनही पांढरे उंदीर पाळले जातात. पंचवीस-तीस ग्रॅम वजनाचा उंदीर दिवसाकाठी चार ते सहा मिलिलिटर, म्हणजे जेमतेम चमचाभर पाणी पितो. परंतु कोरड्या गोळीखाद्यावर पोसलेल्या या जीवास तेवढेही मिळाले नाही, तर तो खाणेच सोडतो आणि दोन-तीन दिवसांत दगावू शकतो.

लहान प्राणिगृहांत आजही बाटल्याच वापरतात. शेकडो पिंजऱ्यांच्या बाटल्या धुणे व भरणे हे मात्र कष्टाचे काम असल्याने मोठ्या संस्थांतून नळीद्वारे पाणी पुरविण्यात येते. कुक्कुटपालकांच्या परिचयाची 'निपल' येथेही असते. उंदराने तिची काडी ढकलली की थेंब ओघळतो.

उंच टाकीची नळी थेट जोडणे ही नेहमी घडणारी चूक होय. दहा मीटर उंचीवरील पाण्याचा दाब दर चौरस इंचास सुमारे १४ पौंड होतो. निपलला तीन ते पाच पौंड पुरेसा असतो. दाब अधिक झाल्यास उंदराला काडी ढकलणे जड जाते व सांध्यांतून गळती सुरू होते. दाबनियंत्रक नसल्यास दोन ते साडेतीन मीटर उंचीवर चेंडूझडपेची छोटी टाकी बसवावी. ती झाकलेली असावी, हे सांगावयास नकोच.

बाटली गळाली तर बाटलीभरच पाणी सांडते. नळीला अशी मर्यादा नाही. निपलमध्ये भुशाचा कण अडकला, तर बंद तळाचा पिंजरा रातोरात भरतो आणि प्रथम पिले बुडतात. म्हणून अशा पिंजऱ्यात गळालेले पाणी बाहेर पडेल अशा रीतीने निपल भिंतीच्या भोकाबाहेर बसविणे बरे.

याहून फसवा दोष तुंबलेल्या निपलचा. ओला पिंजरा लगेच नजरेत भरतो. पाणी न मिळालेला पिंजरा उलट कोरडा, नीटनेटका दिसतो. खाद्य तसेच उरलेले, केस विस्कटलेले आणि पाठीला पोक आलेला उंदीर दिसला, की प्रथम निपल पाहावी. खरे तर लक्षणांची वाट पाहूच नये. रोज सकाळी प्रत्येक निपल स्वच्छ बोटाने दाबून थेंब येतो की नाही, हे पाहावे. नळी जोडल्यावर आत हवा कोंडलेली असते, तीही आधी काढावी.

उबदार खोलीतील नळीत पाणी साचून राहिल्यास आत बुळबुळीत थर धरतो व त्यात स्यूडोमोनाससारखे जंतू वाढतात. प्रतिकारशक्ती क्षीण झालेले प्राणी त्याने मरतात आणि अनेक महिन्यांचा प्रयोग वाया जातो. यास्तव शेवटची झडप उघडून नळी नियमाने वाहती करावी. क्लोरीन वापरल्यास, ग्रामपंचायतीत पाणी तपासताना वापरतात त्या क्लोरोस्कोपने ते तपासावे. मात्र टाकीजवळ नव्हे, तर सर्वांत दूरच्या निपलशी. क्षारयुक्त विहिरीच्या भागात निपल काढून व्हिनेगरमध्ये भिजवाव्यात आणि धुऊनच पुन्हा बसवाव्यात.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार, पाळलेल्या प्राण्यास पुरेसे पाणी न देणे हा मालकाचा अपराध ठरतो. 'यंत्र चालू होते' हे त्यावरील उत्तर नव्हे. दिवाळीच्या जोडसुट्टीत कोणत्या दिवशी निपल कोण दाबून पाहणार, त्याचे नाव सुट्टीपूर्वीच प्राणिगृहाच्या दारावर लावलेले असावे.