गिळूनही न मारणाऱ्या पेशी

मान, काख व जांघ या ठिकाणी लसीकाग्रंथी समूहाने वसलेल्या असतात. शरीरात पाझरणारा लसीका नावाचा द्रव त्यांतून गाळला जाऊन पुढे रक्तास मिळतो. या गाळणीवर दोन प्रकारच्या पेशींचा पहारा असतो. भक्षकपेशी जंतूंना गिळून पचवितात. लसीकापेशी शत्रूची ओळख ठेवून त्याच्याशी लढतात.

एका दुर्मिळ विकारात या व्यवस्थेस विलक्षण वळण लागते. देतोंब या फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञाने १९६५ साली त्याचे वर्णन केले. १९६९ साली रोसाई व डॉर्फमन यांनी तो स्वतंत्र रोग असल्याचे दाखविले. आज तो त्यांच्याच नावांनी ओळखला जातो. तो बहुधा मुलांत व तरुणांत आढळतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथी न दुखता फार मोठ्या होतात. पुष्कळदा तापही येतो.

अशा ग्रंथीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर तिच्यातील लसीकामार्ग मोठ्या, फिकट भक्षकपेशींनी भरलेले दिसतात. त्यांच्या उदरात अखंड लसीकापेशी असतात. पण त्या पचलेल्या नसतात. त्यांच्याभोवती पोकळीचे स्वच्छ वलय असते, आणि त्या जिवंतच राहतात. या घटनेस ‘एम्पेरिपोलेसिस’ म्हणतात. आत शिरून हिंडणे, असा या ग्रीक शब्दाचा आशय आहे.

सुमारे एक-तृतीयांश रोग्यांत या भक्षकपेशींच्या वाढीचा संदेश वाहणाऱ्या जनुकांत बदल सापडले आहेत. रोग संसर्गजन्य नाही.

हे ज्ञान केवळ कुतूहलाचे नव्हे. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात असो वा कोकणातील खेड्यात, मुलाच्या मानेस गाठी आल्या की घरच्यांना प्रथम गंडमाळेची, म्हणजे ग्रंथींच्या क्षयाची, शंका येते. आपल्या देशात ती रास्तही आहे. कारण क्षय येथे पुष्कळ आढळतो. परंतु निव्वळ बाह्य स्वरूपावरून क्षय, ग्रंथींचा कर्करोग आणि हा विकार वेगळे ओळखता येत नाहीत. क्षयावरील औषधे निदान सहा महिने घ्यावी लागतात. कर्करोगावरील उपचार त्याहून कठोर असतात. या रोगात मात्र अनेकांच्या गाठी कालांतराने आपोआप ओसरतात. श्वासमार्गावर दाब पडत असेल, किंवा एखादे महत्त्वाचे इंद्रिय ग्रासले असेल, तरच बहुधा उपचार करावे लागतात.

म्हणून बरी न होणारी गाठ अंदाजाने औषध देऊन दडपू नये. ग्रंथीचा तुकडा काढून तपासून घ्यावा. गिळलेल्या पेशी जिवंत आहेत, ही एवढीशी खूण दिसली, तर रोग्यास अनावश्यक औषधांपासून वाचविता येते.