नौपाड्याहून ब्रिटनला: आजारी जोडीदाराला सांभाळणाऱ्यांसाठी

नवरा किंवा बायको आजारपणाने परावलंबी झालेली आणि नोकरीपायी बिऱ्हाड ब्रिटनला हलवायचं, अशा घरांतून एक प्रश्न हमखास येतो: ‘तिकडे सांभाळणाऱ्यालाही सरकार पैसे देतं म्हणे?’ देतं. त्याचं नाव केअरर्स अलाउन्स, 2025-26 चा दर आठवड्याला 83.30 पौंड. पण ठाण्याच्या गोखले रोडवर कानावर येतं तितकं ते सरळ नाही. तिथे मुरलेल्या मराठी घरांचं सांगणं एकत्र करून पुढे दिलं आहे.

आधी व्हिसा बघा, आजाराचं नंतर. स्किल्ड वर्कर व्हिसावर गेलेला माणूस आणि त्याच्यावर अवलंबून गेलेला जोडीदार, दोघांनाही ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी भत्ते न मागण्याची अट असते. केअरर्स अलाउन्स, पिप (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, आजारी किंवा दिव्यांग माणसाचा भत्ता), अटेंडन्स अलाउन्स, युनिव्हर्सल क्रेडिट हे सगळं त्यात मोडतं. ‘अर्ज टाकून तर बघू, फार तर नाही म्हणतील’ हा तहसील कचेरीतला खाक्या तिथे चालवू नका. अट मोडल्याचा ठपका व्हिसाच्या मुदतवाढीला आडवा येऊ शकतो. एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे उपचार मात्र या अटीत येत नाहीत. त्यासाठी प्रौढामागे वर्षाला 1,035 पौंडांचा सरचार्ज आधीच भरलेला असतो. कौन्सिलकडून मिळणारी सांभाळणुकीची मदतही (सोशल केअर) त्या यादीत नाही. इंग्लंडात 2014 च्या केअर ॲक्टनुसार सांभाळणाऱ्याची वेगळी असेसमेंट मागता येते. आपली माणसं ती मागतच नाहीत.

आयएलआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना मिळाला की ही अट सुटते. मग गेल्या 156 आठवड्यांपैकी 104 आठवडे ब्रिटनमध्ये काढलेले असावे लागतात. सासूबाईंच्या दुखण्यापायी वर्षाहून जास्त ठाण्यात राहिलेल्यांनी हिशेब करूनच अर्ज करावा.

यापुढचा टप्पा सगळ्यात अवघड. भत्ता तुमचा, पण तो जोडीदाराच्या भत्त्यावर अवलंबून. त्याला पिपमधला रोजच्या जगण्याचा भाग, किंवा पेन्शनचं वय उलटलं असेल तर अटेंडन्स अलाउन्स मिळत असला पाहिजे. आपल्याकडे सिव्हिल हॉस्पिटलातून दिव्यांगत्वाच्या टक्केवारीचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड मिळालं की अर्धं काम होतं. तिथे टक्के कुणी विचारत नाही. ताजी भाजी चिरून एका माणसापुरतं साधं जेवण करता येतं का, बटणं लावता येतात का, आंघोळीला हात द्यावा लागतो का, असं एकेक विचारून गुण देतात. 8 गुण झाले की तो भाग मिळतो. नुसतं ‘येतं’ म्हणून भागत नाही. इजा न होता, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात येतं का, ते बघतात. एका हाताने कणीक मळणारी, तव्यावर दोनदा बोटं पोळलेली बाई तपासणाऱ्यापुढे ‘जमतं हो मला’ म्हणाली की गुण गेले. परक्यापुढे दुखणं उगाळायचं नाही ही आपली शिस्त इथे महागात पडते. वाईट दिवस कसा जातो ते सांगा, आणि सांभाळणाऱ्याने त्या वेळी शेजारी बसावं. पिप मंजूर झालं की तीन महिन्यांच्या आत केअररचा अर्ज करा, म्हणजे मागचे पैसे बुडत नाहीत.

सांभाळण्याचे तास आठवड्याला किमान 35 हवेत. स्वयंपाक, कपडे, डॉक्टरच्या खेपा, बिलं भरणं, सगळं धरतात. ‘नवऱ्याचं केलं त्याचे तास कसले मोजायचे?’ असं बऱ्याच बायका म्हणतात. ब्रिटिश सरकारचंही कित्येक वर्षं हेच म्हणणं होतं. 1976 साली हा भत्ता ‘इनव्हॅलिड केअर अलाउन्स’ या नावाने सुरू झाला तेव्हा नवऱ्याबरोबर राहणाऱ्या विवाहित स्त्रियांना त्यातून वगळलं होतं. त्या तशाही घरीच असतात, हे गृहीत. आईला सांभाळायला नोकरी सोडलेल्या जॅकलिन ड्रेक यांचा दावा युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि जून 1986 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. तेव्हा संकोच नको.

स्वतःची कमाई कर, नॅशनल इन्शुरन्स वगैरे वजा जाता आठवड्याला 196 पौंडांच्या आत हवी, हा आकडाही 2025-26 चा. एक पौंड वर गेला की त्या आठवड्याचा अख्खा भत्ता जातो, आणि चुकून घेतलेला भत्ता पुढे वसूल करतात. हजारो पौंडांच्या नोटिसा आलेली घरं तिथे पुष्कळ आहेत. ख्रिसमसच्या जादा शिफ्टला हो म्हणण्याआधी पगाराची चिठ्ठी बघा. जोडीदाराचा पगार आणि बचत यात धरत नाहीत. नौपाड्यातला रिकामा फ्लॅटही नाही; पण युनिव्हर्सल क्रेडिट मागितलंत तर तोच फ्लॅट मालमत्तेत येतो, आणि 16,000 पौंडांच्या वर मालमत्ता असली की तिथे काही मिळत नाही.

कमाई जास्त म्हणून भत्ता हुकला, तर केअरर्स क्रेडिट बघा. आठवड्याला 20 तास सांभाळणाऱ्याला त्यातून पैसे मिळत नाहीत, पण पेन्शनची वर्षं वाया जात नाहीत. स्कॉटलंडची योजना वेगळी, तिचं नाव केअरर सपोर्ट पेमेंट.

आणि जोडीदाराला तिथे ठेवून एकटेच ठाण्याला येणार असाल, तर 26 आठवड्यांत 4 आठवड्यांची सुट्टी भत्त्यासकट मिळते. तारखा आधी कळवा, मग तिकीट काढा.