युरियाच्या गोणीचा हिशेब

मानसरोवर, जयपूर

चि. मंदार,

शेतातून हरितगृह वायू किती निघतात याचा हिशेब ठेवावा का, असं तू विचारलंस. जरूर ठेव, पण एकूण बेरीज कुणाला दाखवायची म्हणून नको. विकत घेतलेली कोणती वस्तू पिकाला न लागता जाते, ते कळावं म्हणून ठेव. तुझ्या उसाचंच उदाहरण घे. सुरू उसाला राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची, म्हणजे एकरी १००. सगळं युरियातून धरलं तर ४५ किलोच्या जवळजवळ पाच गोण्या. आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २००६ च्या ढोबळ सूत्राप्रमाणे त्यातलं एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं. शंभर वर्षांच्या मापाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो, म्हणून नत्राला जोडलेल्या ऑक्सिजनचं वजन धरून हिशेबात तो सुमारे ४३० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा भरतो. १६० लिटर डिझेल जाळलं तर जवळपास एवढाच कार्बन डायऑक्साइड निघेल! ट्रॅक्टरचा धूर डोळ्यांना दिसतो म्हणून दोष त्याच्यावर जातो. वही मांडली की गोणी पुढे येते.

तू म्हणशील, एक किलो नत्र गेलं तर बिघडलं काय? पैशात ते किरकोळच आहे. पण ओल्या जमिनीत नायट्रेट साचलं की हा वायू तयार होतो, आणि तेच नायट्रेट जास्तीच्या पाण्याबरोबर मुळांखाली निघून जातं. वायू हा त्या मोठ्या गळतीचा माग आहे. म्हणूनच खत हप्त्यांनी देणं, ठिबकमधून देणं आणि माती तपासून मात्रा ठरवणं, हे उपाय हवेच्या आणि खिशाच्या दोन्ही बाजूंनी बरोबर येतात.

आकडे अंदाजाचे आहेत, हा आक्षेप मात्र खरा आहे. आयपीसीसीनेच २०१९ मध्ये कोरड्या हवामानासाठी ०.५ टक्के आणि ओल्या हवामानातल्या रासायनिक खतासाठी १.६ टक्के असे वेगळे दर दिले. शिवाय सूत्रात फक्त एकूण नत्र भरायचं असेल, तर हप्त्यांचा फायदा त्यात दिसणारच नाही. त्यामुळे शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नकोस. आपल्याच शेताची, त्याच पद्धतीने, वर्षागणिक तुलना कर. उसाच्या टनामागे आकडा कसा बदलतो ते पाहा.

दुसऱ्याचा धडा उसना घेऊन चालत नाही, हे इथे जयपूरकडे स्पष्ट दिसतं. भूजल खोल गेलं आहे. शंभर मीटरवरून हजार लिटर पाणी उपसायला, पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली, तर अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज लागते. अशा शेतात हिशेबाचं बोट आधी पंपाकडे जाईल. कालव्याच्या पाण्यावरच्या तुझ्या उसात ते खताकडे आणि पेटवलेल्या पाचटाकडे जाईल. गोठ्यात भाकड जनावर असेल, तर दुधाच्या लिटरमागे मिथेन वाढलेला दिसेल.

जग तापवण्यात दोन-चार एकरवाल्याचा वाटा नगण्य आहे, तेव्हा अपराधीपणाने हे करू नकोस. कार्बन क्रेडिटच्या आशेनेही नको. छोट्या क्षेत्राला त्यातून किती उरेल याचा भरवसा नाही. अवकाळीचा फटका आपल्यालाच बसतो, आणि खताचा पैसाही आपलाच जातो, एवढं कारण पुरे आहे.

यंदा लागणीपासून गोण्या, डिझेल आणि विजेची युनिटं तारखेनिशी लिही. पाचट सरीत कुजव. एका पट्ट्यात माती परीक्षणाप्रमाणे नत्र कमी कर, शेजारच्या पट्ट्यात नेहमीएवढं ठेव, तोडणीला दोन्हींचं वजन वेगवेगळं घे, आणि दोन्ही पट्ट्यांचे आकडे मला कळव.

तुझा काका