जुन्या जिप्सीतली एलपीजी टाकी मागून पुढे घेण्याची कृती

बोदवडहून मळ्यापर्यंत जाणारी तुमची जुनी पेट्रोल जिप्सी, आणि तिच्यात मागच्या दाराला चिकटून बसवलेली एलपीजीची टाकी. दार उघडले की आधी तीच आडवी येते, फवारणीचा पंप ठेवायला जागा नाही. मागून कुणी ठोकले तर पहिला मार तिलाच. चला, तिला पुढच्या सीटच्या पाठीमागे, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये आणू. मोजमाप, स्टँड, भोके आणि पट्टे हे काम आपले. गॅसच्या नळीला मात्र अधिकृत किट फिटरशिवाय कुणीही हात लावायचा नाही. म्हणून सगळे काम त्याच्याच आवारात करा.

हाताशी ठेवा: खडू, ओळंबा, पुठ्ठा, टेप, ड्रिल, पान्यांचा संच, १० मिमीचे ‘८.८’ छापाचे बोल्ट, नायलॉक नट, जाड लोखंडी पट्ट्या, रबराची पट्टी, गंजरोधक रंग, साबणाचे पाणी.

१. आरसी बुक उघडा. इंधनाच्या रकान्यात पेट्रोलबरोबर एलपीजी हवे. नसेल तर आधी ती नोंद करून घ्या, मगच पाना उचला.

२. टाकीवरची पाटी वाचा. शेवटच्या चाचणीला पाच वर्षे होत आली असतील तर टाकी उतरवल्यावर लगेच चाचणीला पाठवा. टाकीच्या जागी घरगुती लाल सिलेंडर जोडलेला असेल तर तो बेकायदा आहे. तो फिटरकडून काढून टाका, ही कृती त्याच्यासाठी नाही.

३. फिटरला नवी जागा दाखवा. तुमच्या किटच्या मंजुरीत ती बसते असे त्याने सांगितले तरच पुढे चला.

४. गाडी गॅसवर चालवून गॅस संपवा. टाकी उघडून गॅस हवेत सोडायचा नाही, कितीही थोडा असला तरी.

५. पेट्रोलवर फिटरकडे जा आणि गाडी उघड्यावर, सपाट जमिनीवर उभी करा. गॅरेजच्या खड्ड्यावर नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खड्ड्यात साचून राहतो.

६. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा.

७. मल्टीव्हॉल्व्हचा, म्हणजे टाकीवरच्या व्हॉल्व्हच्या संचाचा, हाताचा नळ बंद करा. काटा शून्यावर असला तरी आत गॅसची वाफ उरलेली असते, हे विसरू नका.

८. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

९. आता खडू घ्या. टाकीच्या सपाट तोंडापाशी ओळंबा धरा आणि दोरीच्या रेषेत वरून खाली ठळक रेघ ओढा. सगळ्या कामात ही रेघ सर्वांत मोलाची. आतला तरंगता गोळा टाकी ८० टक्के भरली की गॅस घेणे थांबवतो, आणि तो ठरलेल्या कोनातच बरोबर काम करतो. टाकी जराशी फिरली तर गोळा फसतो आणि टाकी गच्च भरू शकते. रेघ पुसली जाईल अशी शंका आली तर रंगाने ओढा.

१०. फिटरकडून नळ्या सोडवून घ्या. सोडवलेली तोंडे त्याने लगेच बंद केली की नाही ते बघा.

११. पट्टे सोडून टाकी उतरवा. दोघांनी उचला. मल्टीव्हॉल्व्हला धरून उचललीत तर तो वाकेल.

१२. टाकी सावलीत, ड्रिल आणि वेल्डिंगपासून लांब ठेवा.

१३. टाकीच्या मापाचा पुठ्ठा कापून नव्या जागी ठेवा. सीट पूर्ण मागे सरकवून बघा, टेकते का?

१४. गाडीखाली शिरा आणि भोकांच्या जागी काय आहे ते नीट पाहा. ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, पेट्रोलची टाकी, वायरिंग यांतले काहीही वाटेत असेल तर खुणा सरकवा. इथे घाई केलीत तर ड्रिल थेट ब्रेकच्या नळीत जाते.

१५. खुणांवर भोके पाडा. ड्रिलला टेप गुंडाळून खोली ठरवून घ्या.

१६. भोकांच्या कडांना आणि जुन्या भोकांना गंजरोधक रंग लावा. जुनी भोके बुजवा, नाहीतर पावसाळ्यात चिखल आत येईल.

१७. स्टँड वेल्डिंगच्या दुकानातून करून आणा. टाकीवर मात्र एक टाकाही मारायचा नाही, कधीच.

१८. स्टँड बोल्टने कसा. पत्र्याखाली प्रत्येक बोल्टला लोखंडी पट्टी द्या. नुसत्या वॉशरवर भरवसा ठेवलात तर धडकेत पत्रा फाटून बोल्ट वर येतो.

१९. स्टँडवर आणि पट्ट्यांच्या आतून रबर लावा. लोखंडावर लोखंड घासले की टाकीचा रंग जातो आणि गंज सुरू होतो.

२०. टाकी ठेवा, ओळंबा पुन्हा धरा आणि खडूची रेघ दोरीशी जुळवा. गाडी अजून त्याच सपाट जागी आहे ना?

२१. पट्टे आवळा. आवळताना टाकी फिरते, म्हणून रेघ परत बघा.

२२. मल्टीव्हॉल्व्हच्या पेटीची हवानळी पत्र्यातून खाली, गाडीबाहेर काढा. तिचे तोंड सायलेन्सरकडे नको.

२३. फिटरकडून नवी तांब्याची नळी टाकून घ्या. जुनी ताणून पुरवू देऊ नका. नळी सायलेन्सरपासून निदान १०० मिमी लांब आणि जागोजागी क्लिपांनी धरलेली हवी.

२४. फिटरने गळती तपासल्यावर बॅटरी जोडा.

२५. पेट्रोलवर एलपीजी पंपावर जा आणि फक्त ५ लिटर भरा.

२६. पंपापासून दूर, मोकळ्या जागी मल्टीव्हॉल्व्हचा नळ उघडा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावा. बुडबुडा दिसला तर नळ बंद करा आणि फिटरला बोलवा. स्वतः नट आवळत बसू नका. काडी पेटवून बघणारे महाभाग आजूबाजूला असतील तर त्यांना लांब पाठवा.

२७. पेटीचे झाकण घट्ट लावा.

२८. शिरसाळ्याच्या मारुती मंदिरापर्यंत गॅसवर एक चक्कर मारून या, खड्ड्याचा रस्ता टाळू नका.

२९. परत आल्यावर पट्टे तपासा, सैल झाले असतील तर आवळा, आणि सांध्यांवर पुन्हा साबण लावा.

३०. फिटरचे प्रमाणपत्र घेऊन गाडी जळगावच्या आरटीओत दाखवा. बदलाची नोंद नसली तर विम्याच्या वेळी तुम्हीच अडचणीत याल.

३१. आता पहिल्यांदा टाकी पूर्ण भरा आणि पंपाच्या मीटरजवळ स्वतः उभे राहा. ६० लिटरच्या टाकीत आधी उरलेला धरून ४८ लिटरपर्यंतच गॅस जायला हवा. मीटर पुढे पळाले तर लगेच भरणे थांबवायला सांगा. अशी भरलेली गाडी बोदवडच्या मे महिन्याच्या उन्हात उभी करू नका, तापून गॅस फुगतो. तिथूनच गॅसवर चालवत जास्तीचा गॅस कमी करा आणि तसेच फिटरकडे जाऊन कोन दुरुस्त करून घ्या.