आयाबाईने बोलावे म्हणून



आमचे सोनगीर महामार्गावर असल्याने शिरपूरकडच्या पाड्यांवरून एस.टी.ने येणे सोयीचे पडते. म्हणून नर्स, आरोग्यसेविका आणि आया यांचे प्रशिक्षण आम्ही इथेच घेतो. त्याची सुरुवात मी माझ्याच एका चुकीपासून करते.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका दवाखान्यात रात्रपाळीला होते. एका पावरा बाईची प्रसूती झाली, बाळ रडले. डॉक्टर बाळाकडे वळले, मी केसपेपर भरू लागले. आयाबाई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. बाईखालचे कापड भिजत चालल्याचे तिला दिसत होते, पण ती गप्प राहिली. कारण आठच दिवसांपूर्वी मी तिला सर्वांदेखत सुनावले होते, "तुझे काम पुसायचे, सांगायचे नाही." आमचे लक्ष गेले तेव्हा बाईचे हातपाय गार पडले होते. धुळ्याला नेऊन रक्त चढवले, म्हणून ती वाचली.

आम्हा सर्वांना आपापले काम येत होते. एकत्र काम करणे मात्र कोणी शिकवले नव्हते. तेही शिकवावे लागते. आम्ही तीन गोष्टींचा सराव घेतो.

पहिली, डोळ्यांना माप शिकवणे. प्रसूतीनंतर अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेले तर तो धोका समजतात. सोनगीरच्या पितळी तांब्यात अर्धा लिटर लाल पाणी मोजून घेतो, जुन्या लुगड्यावर ओततो आणि विचारतो, "किती असेल?" बहुतेक जणी कमीच सांगतात. अनुभवी नर्सही चुकते.

दुसरी, नेमके सांगणे. रुग्ण कोण, काय दिसते आहे, मला काय वाटते, आता काय हवे, ही चार वाक्ये प्रत्येकीने मोठ्याने म्हणायची. ऐकणाऱ्याने ऐकलेले परत म्हणून दाखवायचे आणि सांगणारीचे आभार मानायचे. शंका खोटी ठरली तरी रागवायचे नाही.

तिसरी, आपले काम मोजणे. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन द्यायचे असते. मागच्या दहा प्रसूतींत ते किती वेळा वेळेवर दिले, हे रजिस्टर उघडून सर्वांनी मिळून पाहायचे. "कोणी चुकले?" असे न विचारता "कशामुळे राहिले?" असे विचारायचे. हे औषध थंड ठेवावे लागते, आणि वीज गेल्यावर फ्रीज किती वेळ बंद होता हे बहुधा आयाबाईलाच ठाऊक असते.

ही वाट आपल्याच राज्यात फार पूर्वी पडली आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. गावोगाव नर्स ठेवण्याचा विचार नीट जमला नाही, तेव्हा त्यांनी गावातल्याच बाया घेऊन त्यांना आरोग्यसेविका केले. त्यांत कित्येक निरक्षर होत्या, दलित होत्या. एकदा शिकवून त्यांना सोडून दिले नाही. त्या नेमाने जामखेडला येत, गावातल्या आजाऱ्यांविषयी सांगत आणि पुढचे शिकत. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात एका शरीराचे अनेक अवयव सांगितले आहेत, आणि दुबळे वाटणारे अवयवच अधिक गरजेचे म्हटले आहेत. तो अध्याय मी लहानपणापासून ऐकत होते. त्या रात्री पलंगाच्या पायथ्याशी उभी असलेली बाई मात्र मला दिसली नाही.

चर्चेसाठी प्रश्न:
१. आपल्या घरात, मंडळीत किंवा कामाच्या ठिकाणी कोणाचे बोलणे मध्येच तोडले जाते?
२. त्या व्यक्तीला असे काय दिसत असेल, जे आपल्याला दिसत नाही?
३. या आठवड्यात तिला आपण काय विचाराल?