वापरायची नाही ती पिन मोकळी सोडायची का?



अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणणारे कितीतरी कारखाने आहेत. समजा, तुमच्या विद्यार्थ्याने तिथल्या एका मागासाठी काउंटर बनवला. वर्गात टेबलावर तो छान चालला. कारखान्यात मात्र मोटर सुरू झाली की बंद पडतो! वायरिंग, सोल्डरिंग सगळं बरोबर. मग चूक कुठे? कधी कधी ती असते, ज्या पिनला आपण हातच लावला नाही तिथे.

काउंटरला स्थिर 5 व्होल्ट देणारी रेग्युलेटर चिप बघू. एलपी 2951 ला 8 पिना असतात. मुलं इनपुट (8), आउटपुट (1) आणि ग्राउंड (4) जोडतात आणि म्हणतात, "सर, बाकीच्या लागत नाहीत." खरंच लागत नाहीत का?

1) शटडाउन (पिन 3): ही हुकूम ऐकणारी पिन. मोकळी सोडली तर मोटरमुळे होणारा विजेचा गोंधळही तिला हुकूम वाटू शकतो. वापरायची नसेल तर ग्राउंडला जोडा.

2) एरर (पिन 5): ही सांगणारी पिन. तिचं ऐकायचं नसेल तर मोकळी ठेवली तरी चालते.

3) सेन्स (2), टॅप (6), फीडबॅक (7): या रिकाम्या वाटतात, पण नाहीत. 5 व्होल्टच्या चिपमध्ये 1 आणि 2 एकमेकींना, 6 आणि 7 एकमेकींना जोडाव्याच लागतात.

मग न वापरलेल्या सगळ्याच ऐकणाऱ्या पिना ग्राउंडला जोडल्या तर? तेही चूक! एलएम 2576 ची ऑन-ऑफ पिन ग्राउंडला जोडली की चिप चालू होते. पण अनेक चिपांची एनेबल पिन ग्राउंडला जोडली की चिप बंद होते.

'एनसी' लिहिलेल्या पिनचं काय? 14 पिनांच्या एलएम 723 मध्ये 1, 8 आणि 14 या पिना आत कशालाच जोडलेल्या नसतात. काही चिपांवर मात्र 'जोडू नका' अशी पिन असते. ती आत कशाला तरी जोडलेली असू शकते, म्हणून तिला ग्राउंडही द्यायचं नाही.

म्हणून मुलांना पाठ करायला नियम देऊ नका, डेटाशीट वाचायला लावा. वहीत चार रकाने आखा: पिन क्रमांक, नाव, ऐकते की सांगते, कुठे जोडली. मोकळी सोडली असेल तर 'मोकळी' असं लिहायचं, आणि का तेही. एकही रकाना कोरा दिसला, तर सोल्डरिंग गन हातात द्यायची नाही!