कुलपती कोण? कुलगुरू कोण?

गावातला मुलगा कॉलेजात शिकतो. परीक्षा पास होतो. त्याला पदवीचा कागद मिळतो. त्यावर कुलगुरूंची सही असते. हे कुलगुरू कोण? आणि कुलपती कोण? आज आपण हे समजून घेऊ.

‘कुल’ म्हणजे घराणे. विद्यापीठ हे शिकणाऱ्यांचे मोठे घराणेच आहे. जुन्या काळी हजारो शिष्यांना अन्न देऊन शिकवणाऱ्या ऋषीला कुलपती म्हणत. नुसते शिकवून भागत नसे. शिष्यांच्या पोटाची काळजीही वाहावी लागे.

इंग्रजीत कुलपतींना चॅन्सेलर म्हणतात. हा शब्द कोर्टातून आला. फार पूर्वी रोमच्या राज्यात कोर्टात जाळीचा कठडा असे. त्या कठड्यापाशी असणाऱ्या कारकुनाच्या नावावरून हा शब्द निघाला. पुढे तो मोठ्या पदाचे नाव झाला.

दोघांची कामे

महाराष्ट्रात मुंबई, पुणे, कोल्हापूर येथे सरकारी विद्यापीठे आहेत. राहुरीचे कृषी विद्यापीठ तर शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहे. या सर्वांचे कुलपती राज्याचे राज्यपाल असतात. राज्यपाल बदलले की कुलपती बदलले.

रोजचा कारभार मात्र कुलगुरू पाहतात. शिकवणे, परीक्षा, निकाल, खर्च या सगळ्यांवर त्यांची नजर असते. एक समिती चांगल्या माणसांची नावे सुचवते. त्यांतून कुलपती एकाला कुलगुरू नेमतात. नेमणूक जास्तीत जास्त पाच वर्षांची असते.

कुलगुरू म्हणजे राजा नव्हे. ते कायद्याने बांधलेले असतात. अडीअडचणीला ते तातडीने निर्णय घेऊ शकतात. पण मागाहून तो संबंधित मंडळापुढे ठेवावाच लागतो.

आपला माणूस त्या खुर्चीवर

मुंबई विद्यापीठ 1857 साली निघाले. पुष्कळ वर्षे ही खुर्ची इंग्रजांकडेच होती. 1892 साली काशिनाथ त्र्यंबक तेलंग तिथे बसले. ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते. मुंबई विद्यापीठाचे ते पहिले भारतीय कुलगुरू. ही खुर्ची बापाकडून लेकाला मिळत नाही. विद्येने मिळते.

आपला काय संबंध?

समजा, मुलीचा निकाल अडकला. वर्ष वाया जाते की काय, असा घोर लागतो. अशा वेळी मध्यस्थाला पैसे देऊ नका. आधी प्राचार्यांना भेटा. मग परीक्षा विभागात विचारा. तरी काम झाले नाही, तर कुलगुरूंच्या नावाने अर्ज करा. मुलीचे नाव, परीक्षा, बैठक क्रमांक, अडचण, सारे नीट लिहा. अर्जाची पोच घ्या आणि जपून ठेवा.

काल आपण अंगठा उठवत होतो. आज आपण अर्ज लिहू शकतो. मोठ्या खुर्चीपुढे आपले म्हणणे मांडायला आता दुसऱ्याचे तोंड नको.

उत्तरे सांगा

1. सरकारी विद्यापीठाचे कुलपती कोण असतात?
2. कुलगुरूंची कामे कोणती?
3. अर्जाची पोच का घ्यावी?